सगळं बंद, तरी चकती फिरते

वणीच्या त्या घरात दोन गोष्टींना शिवायची मनाई होती. एक ओसरीतलं वीजमीटर आणि दुसरी बाहेर बसलेली बाई. मीटरला मामाजींशिवाय कुणी हात लावायचा नाही, आणि बाहेर बसलेल्या बाईला तर मामाजींनीही नाही. अकरावीसाठी मी तिथं राहायला गेले तेव्हा आत्यानं पहिल्याच दिवशी हे दोन्ही नियम एका दमात सांगून टाकले आणि वर म्हणाली, "बाकी या घरात तुले काही तरास नाई, पोरी." बाकी काय उरतं हे मी तेव्हा विचारलं नाही. कॉलेज दिसत असलं की त्या वयात दुसरं काही दिसत नाही.

मामाजी म्हणजे आत्याचे यजमान. आमच्याकडे आत्याच्या नवऱ्याला मामाजीच म्हणतात. ते कोळशाच्या खाणीवर वजनकाट्याचे बाबू होते. दिवसभर ट्रक काट्यावर चढायचे, उतरायचे आणि मामाजी आकडा मांडायचे. रिकामा ट्रक आधी, भरलेला नंतर, हा त्यांच्या नोकरीचा नियम हळूहळू त्यांच्या स्वभावातच उतरला होता. बाजारातून आणलेली भाजी ते घरच्या तराजूत पुन्हा तोलायचे, दूधवाल्याचं माप उलटं करून बघायचे. "काटा खोटं नाई बोलत, माणूस बोलते," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. वाईट माणूस नव्हते. कधी कुणावर हात उगारला नाही, दारूला शिवले नाहीत. पण त्यांच्यासमोर उभं राहिलं की आपण काट्यावर चढलोय असं वाटायचं आणि पाय आपोआप जवळ घेतले जायचे. घरात तिसरी त्यांची आई. तिला अख्खी गल्ली आजी म्हणायची. आजीच्या नाकात सदा तपकीर आणि पोटात सदा आग, म्हणून त्या घरात तिखट शिजत नसे. फिकं वरण, फिकी वांगी, मिरचीचा नुसता वास लागलेली पालेभाजी. आम्ही जंगलाकडची माणसं, जिभेला ठेचा लागल्याशिवाय जेवलो असं आम्हाला वाटत नाही. पहिले कितीतरी दिवस मी पोटभर जेवून उपाशी उठत होते.

माझं गाव झरी जामणीच्या पुढं, सागाच्या जंगलाला चिकटलेलं. बाबा वनखात्याच्या रोपवाटिकेत कामाला. शाळा दहावीपर्यंत, तीही पायपीट करून. पुढं शिकायचं तर वणी, आणि वणीत आमचं म्हणावं असं एकच दार, आत्याचं. माझ्या पाठीमागे पाटणबोरीकडचं एक स्थळ दबा धरून बसलेलं होतं. मुलाची आई आमच्या घरी येऊन मला चालायला, बोलायला लावून पाहून गेली होती. बाबांनी त्यांना "पोरगी शिकून राह्यली" एवढंच सांगून थोपवलं होतं. म्हणजे मी शिकत होते तोवरच मी सुटलेली होते. कॉलेज सुटलं की मी अडकले, इतका साधा हिशेब होता आणि तो मला झोपेतही पाठ होता.

आणि ती मागची खोली. अंगणाच्या टोकाला, न्हाणीला लागून, पलीकडे कोळशाचा ढीग. पूर्वी तिथं भाडेकरू राहायचा. तो गेला आणि खोली बाहेर बसणाऱ्या बाईची झाली. आमच्या घरी हे प्रकरणच नव्हतं. आई बाहेर बसली असती तर शेतात निंदायला कोण गेलं असतं? त्यामुळे पहिल्यांदा आजीनं मला "कावळा शिवला ना? मंग जाय मागं," असं म्हणून हाकललं तेव्हा मला रडू आलं. खोलीला खिडकी नव्हती, वर एक गज लावलेलं भोक होतं. त्यातून कोळशाची बारीक पूड यायची आणि सतरंजीवर, पुस्तकावर, पाण्याच्या तांब्यावर बसायची. कॉलेज बुडायचं. जेवणाचं ताट उंबऱ्याशी ठेवून आत्या लांब व्हायची आणि मग मी ते ओढून घ्यायचे. बाहेरून ट्रकांची घरघर, आतून डासांची. कोपऱ्यात आत्याची एक पत्र्याची पेटी होती, तिला कुलूप. त्या चार दिवसांत मी त्या पेटीवर बोटानं बीजगणित सोडवायचे आणि घरातल्या प्रत्येक माणसाचा राग राग करायचे.

आत्या मात्र मागे जायची ती अगदी मुकाट्यानं. "चालली मी बाहेर," असं म्हणून हातातलं लाटणं, उलथनं, जे असेल ते ठेवून द्यायची आणि सतरंजी काखेत मारून निघायची. मी आल्यापासून तर तिचं महिन्यातून दोनदा व्हायला लागलं होतं. आजी कपाळावर हात मारायची, "वय झालं का होते असं बाईचं." एरवी ती दोनदाच्या नावानं घर डोक्यावर घेती, कारण आत्या मागे गेली की स्वयंपाक तिच्या गळ्यात. पण आता मी होते. कॉलेजातून आल्यावर फिकं वरण मी लावायचे, पोळ्या मी करायच्या, त्यामुळे आत्या किती दिवस बाहेर आहे हे मोजायचं आजीनं सोडूनच दिलं होतं.

पावसाळा सरत आला आणि विजेचं बिल आलं. मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याच्या दुप्पट. मामाजी ते हातात धरून ओसरीत आले. मग मीटरच्या काचेत पाहिलं, मग घरात पाहिलं, आणि शेवटी माझ्याकडे. "या घरात नवीन काय आलं?" एवढंच त्यांनी विचारलं. नवीन मीच आले होते. दुसऱ्या दिवशी माझ्या कोपऱ्यातला बल्ब काढून झीरोच्या जवळपासचा एक मिणमिणता बल्ब लागला. टेबलफॅन आजीच्या खाटेकडे गेला. रेडिओ फडक्यात बांधला गेला. इस्त्री मामाजींच्या कपाटात. पुढचं बिल आलं, ते आणखी फुगलेलं. मामाजींनी मला समोर बसवून अगदी शांतपणे विचारलं, "तू हिटर आणला काय वं गावाहून? केस वाळवाचं काही?" आमच्या गावात तेव्हा दिवसातले निम्मे तास लाईट नसायची आणि या माणसाला वाटत होतं मी केस वाळवायचं यंत्र घेऊन आले! आज हसू येतं. तेव्हा आलं नाही.

आता यवतमाळला आमच्या जिन्याखाली नवं मीटर बसलंय. त्यात चकतीच नाही. एक लाल ठिपका लुकलुकतो, आणि किती वीज खाल्ली ते माझ्या सुनेच्या फोनवर येतं. परवा तीच कुरकुरत होती, हे मीटर जास्तच पळतं म्हणून. मी तिला म्हटलं, सगळं बंद करून बघ एकदा. ती म्हणाली, "आई, तुम्हाला कसं माहीत?" मला कसं माहीत! त्या एका चकतीवर माझा जन्म टांगलेला होता, बाई.

कारण मामाजींनी निकाल देऊन टाकला होता. भाऊबीजेला बाबा आत्याकडे ओवाळून घ्यायला येत. "त्याच्यासंगच जाय तू. सामानसुमान घेऊन जाय," ते म्हणाले. "अन् मीटर खराब निघालं तं?" मी धीर करून विचारलं.  न्यायाची बाजू मामाजींना पटकन पटायची, तेवढं खरं. "मीटर खराब निघालं तं राह्य," ते म्हणाले. त्या दिवसापासून मी ते मीटर खराब असावं म्हणून देव पाण्यात घालून बसले. दसऱ्याला आजीनं शस्त्रांबरोबर मीटरलाही कुंकू लावलं, तेव्हा मी मागून हात जोडले. एखादी वस्तू बिघडलेली असू दे म्हणून हात जोडणारी त्या घरात मी एकटीच असेन.

वीज कार्यालयातल्या कुणीतरी मामाजींना तपासणी सांगितली होती. मेन चालू ठेवायचं, घरातलं एकूणएक बटण बंद करायचं आणि चकतीकडे पाहायचं. थांबली तर मीटरचं काही चुकत नाही. फिरत राहिली तर कुठंतरी पाणी मुरतंय. मामाजींना ते लगेच पटलं. "म्हंजे रिकामा ट्रक काट्यावर," ते म्हणाले. दिवाळी तोंडावर आलेली, रविवारची सकाळ. आत्या आदल्या दिवसापासून बाहेर बसलेली होती. मामाजी मीटरसमोर स्टूल टाकून बसले आणि मला घरात सोडलं. मी एकेक बटण पाडत ओरडत गेले. स्वयंपाकघर बंद! देवघर बंद! आजीचा फॅन बंद! आजी खाटेवरून करवादली, "मरतो ना बापा मी उकाड्यानं!" न्हाणीचा दिवा बंद. मामाजींनी स्वतः एक फेरी मारून प्रत्येक बटणावर बोट ठेवून खात्री केली. घरातलं सगळं बंद झालं.

चकती फिरत होती. सरपटत नव्हती, चांगली पळत होती. तिच्यावरची काळी खूण काचेआड जायची आणि लगेच दुसऱ्या बाजूनं हजर व्हायची. मामाजींचा चेहरा असा उजळलेला मी पहिल्यांदाच पाहिला. "पाह्य, पाह्य कशी पळून राह्यली! काहीच चालू नाई अन् पळून राह्यली! काटाच खोटा हाय!" मेन पाडून पाहायची पुढची पायरी त्यांनी गाळली, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. मेनचा खटका एकदा त्यांना झिणझिण्या देऊन गेला होता, म्हणून त्याच्या वाटेला ते जात नसत. "थांब, मास्तरले बोलावून आणतो. साक्षीदार पाह्यजे," म्हणत ते पायात चपला सरकवून शेजारच्या ढवस मास्तरांकडे पळाले. मी तिथंच गिरकी घेतली. वाटलं, सुटले! मग मला आत्या आठवली. तिला कुणी काहीच सांगितलं नव्हतं. बाहेर बसलेल्या बाईला कोण काय सांगतं?

मी अंगण ओलांडून मागच्या खोलीशी गेले. दाराशी थांबून हाक मारायची रीत होती, पण मला कसलं सुचतंय. दार ढकललं आणि आधी वास आला. लसणाचा, लाल मिरचीचा, आमच्या घरचा वास. पत्र्याची पेटी सताड उघडी होती. भिंतीतल्या जुन्या भाडेकरूच्या प्लगला वायर लावलेली, तिच्या टोकाला विजेची शेगडी, तिची कॉइल लालभडक, आणि तिच्यावर छोट्या पातेल्यात बेसनाच्या पातोडीचा रस्सा रटरटत होता. आत्या भिंतीला टेकून, पाय लांब पसरून, केस मोकळे सोडून बसलेली. तिला पाय पसरून बसलेली मी त्याआधी कधी पाहिलीच नव्हती.

माझं तोंड उघडं ते उघडंच. "आत्या, मामाजी मीटर पाहून राह्यले ना! सगळं बंद कराले सांगतलं!"

आत्यानं आधी खटका पाडला, मग पदर सावरला. "मले कोनी सांगतलं? माह्याशी कोनी बोलते काय या दिवसांत?" कॉइल काळी पडेपर्यंत ती तिच्याकडेच पाहत राहिली. शेगडी तिनं बाबांनी राखीला घातलेल्या ओवाळणीतून घेतली होती. मला आणून सोडायला आलेल्या बाबांच्या पाठोपाठच आलेली ती राखी. म्हणजे घरात नवीन काय आलं, तर मी आणि ही शेगडी, दोघी जोडीनं आलो होतो.

"चूल विटाळते, वीज कुठं विटाळते?" ती जराशी हसली. मग हसू तसंच ठेवून म्हणाली, "अन् विटाळ तरी कुठं राह्यला, शालू. दोन वर्सं झाले, मले काही येतच नाई."

मला समजायला वेळ लागला. समजलं तरी पटेना. "मंग कायले बसतं या कोंडवाड्यात?"

"कोंडवाडा तुह्यासाठी," आत्या म्हणाली. "मले इथं कोनी हाक मारत नाई. कोनाले पानी देनं नाई, कोनाचं पोट दुखलं तं उठनं नाई. मले पाह्यजे तसं तिखट खातो, झोप आली तं झोपतो. लेकी सासरी गेल्या, माय गेली, भाऊ वरसातून दोनदा येते. मी कुठं जाऊ? तेवढंच माह्यं माहेर, पोरी."

ज्या खोलीचा मी इतका तिरस्कार केला तिला कुणी माहेर म्हणेल असं माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. आणि मी आल्यावर ते माहेर महिन्यातून दोनदा का व्हायला लागलं, तेही लख्ख कळलं. मामाजींचा संशय अगदीच खोटा नव्हता तर. मी होते म्हणून ती येऊन बसत होती. "परत लावून ठेवू काय?" आत्यानं हळूच विचारलं. "चकती फिरू दे. मीटरच खराब म्हनतीन. तू राह्यशीन." तिचा हात खटक्यावर होता. मी हो म्हणणार होते. तेवढ्यात ओसरीतून मामाजींचा आवाज आला, "शालू! कुठं गेली वं? इकडं ये आधी!"

ओसरीत ढवस मास्तर चष्मा कपाळावर चढवून मीटरच्या काचेला नाक लावून उभे होते. चकती गप्प पडली होती. काळी खूण मधोमध थांबलेली. "भाऊ, हे तं हलत नाई," मास्तर म्हणाले आणि अवघडून बाजूला झाले. साक्षीदाराला बोलावून आणून मामाजी तोंडघशी पडले होते. एरवी शांत बोलणारा माणूस, त्या दिवशी आवाज चढला. "मघा पळून राह्यली होती. मी माह्या डोयानं पाह्यली. मी बाहेर गेलो अन् थांबली. म्हंजे मधात कोनंतरी काहीतरी बंद केलं. तू कुठून येऊन राह्यली?"

मी अंगणाकडून येत होते, ते त्यांना दिसलंच होतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, तसं माझं झालं. खरं सांगावं तर आत्याचं उभ्या संसारातलं एकुलतं एक माहेर मोडतं, तेही परक्या माणसासमोर, सासूसमोर. न सांगावं तर पाटणबोरी. मला दोन्ही नको होतं आणि तिसरं काही नव्हतं. मी चौकटीला धरून उभी राहिले. 

"बोल ना. काय लपवलं? हिटर हाय का शेगडी हाय?" मामाजींनी माझी पत्र्याची पेटी ओढत ओसरीत आणली आणि मास्तरांच्या देखत उपडी केली. कपडे पडले, वह्या पडल्या, आईनं दिलेली ठेच्याची बरणी गडगडत गेली. मास्तर दुसरीकडे पाहू लागले. सगळं सांडल्यावर पेटीत काही नाही हे दिसलं, पण मामाजींचं त्यानं समाधान होईना. "ठीक हाय. नको सांगू. भाऊबीजेची वाटच पाहाची नाई. उद्याच निरोप धाडतो तुह्या बापाले. घेऊन जाय म्हनतो." असं म्हणून त्यांनी माझी वही पायाजवळून उचलली, तिच्यावरची धूळ झटकली आणि माझ्या हातात दिली. ती झटकण्याची रीत मला अजून आठवते. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तेव्हा आत्या आली. अंगण ओलांडून, मागचं दार ओलांडून, स्वयंपाकघरातून, देवघरासमोरून, सरळ. केस मोकळेच होते. एका हातात शेगडी, दुसऱ्या हातात गुंडाळलेली वायर. आजीनं खाटेवरून पाहिलं आणि किंचाळली, "अवं! घरात कुठं आली? विटाळ! देवाजवळून गेली वं ही! बाहेर हो!" आत्यानं ऐकलं नाही. मामाजी दोन पावलं मागं सरले. शिवू नये म्हणून सरले, सवयीनं. आत्यानं शेगडी जमिनीवर ठेवली, मीटरखालच्या प्लगमध्ये पिन खुपसली आणि खटका दाबला. कॉइल आधी गुलाबी झाली, मग लाल. चकती हलली आणि पळायला लागली.

"पाह्या," आत्या म्हणाली. "मीटर खराब नाई, अन् पोरगीही नाई. हे माही हाय. मागच्या खोलीत लावत होतो."

 मामाजी चकतीकडे पाहत राहिले. मग ते अगदी हळू आवाजात म्हणाले, "मीटर बरोबर हाय," आणि मास्तरांकडे पाहून मान हलवली. मला वाटलं आता संपलं. पण आजी खाटेवरून उतरून तिथवर आली होती. "अन् विटाळाचं काय? देव बाटवला तिनं! आता सारं घर धुवा लागन!"

आत्या तिच्याकडे वळली. मी मनात म्हटलं, नको सांगू, आत्या, एवढं तरी ठेव स्वतःजवळ. पण बहुधा तिला माझ्यासाठी नुसती शेगडी देऊन भागणार नाही असं वाटलं असावं, किंवा तिला स्वतःलाच कंटाळा आला असेल. "धुवाची गरज नाई, मायबाई," ती म्हणाली. "मले विटाळ नाई. दोन वर्सं झाले, बंद झालं."

मास्तर दाराकडे वळले आणि चपला शोधायला लागले. मामाजींचे कान लाल झाले. आजी आत्याच्या तोंडाकडे बघत राहिली, तिच्या डोक्यात मागचे महिने एकेक करून मागे जात असावेत. मला वाटलं ती आता शिव्यांची लाखोली वाहील, किंवा रडेल. तिनं चिमटीतली तपकीर नाकात ओढली, डोळे पुसले आणि म्हणाली, "विटाळ नाई ना तुले? मंग अशी उभी कायले? मास्तर चालले ना. चुलीवर चहा मांड."

आत्यानं खटका पाडला. मोकळ्या केसांची गाठ मारली, पदर कमरेला खोचला आणि आत गेली. बाबांना निरोप काही गेला नाही. मी त्या घरात राहिले, बारावी झाले, पुढंही शिकले. मी तिथं होते तोवर आत्या पुन्हा एकदाही बाहेर बसली नाही.